लडाखला किती जणांनी जावं?

तुळजापूरहून निघून औसा, लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड, अर्धापूर, उमरखेड, यवतमाळ, वर्धा करत येणारा 361 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग नागपूरच्या अलीकडे बुटीबोरीला 44 क्रमांकाच्या महामार्गाला मिळतो. हा 44 म्हणजे श्रीनगर ते कन्याकुमारी. लातूर-नांदेडच्या माणसाने बुटीबोरीला डावीकडे वळायचं, की मग नागपूर, सिवनी, सागर, झाशी, ग्वाल्हेर, आग्रा, दिल्ली, अंबाला, जालंधर, पठाणकोट, जम्मू अशा गावांवरून थेट श्रीनगरपर्यंत रस्त्याचा क्रमांक बदलत नाही. तिथून झोजिलाची खिंड ओलांडली की पुढे लेह. नांदेडपासून एका बाजूचं अंतर साधारण पावणेतीन हजार किलोमीटर. रस्ता इतका सोपा झाल्यावर मराठवाड्यातली पोरं ‘लडाख मारायला’ निघणारच. निघण्याआधी महिनोन्‌महिने खल चालतो तो गाडी कोणती, जॅकेट कुठलं, खर्च किती यावर. किती जणांनी जायचं, हे मात्र कुणी ठरवत नाही. जेवढे शेवटपर्यंत टिकले तेवढे निघतात. माझ्या मते ठरवायला हवी ती हीच गोष्ट, आणि तीही आधी. उत्तर माझ्यापुरतं पक्कं आहे: दोन माणसं, दोन गाड्या. एकटा नको आणि बाराजणांचा ताफाही नको.

आपल्या भागाला उत्तरेचा रस्ता नवा नाही. नामदेवांचं जन्मगाव मानलं जाणारं नरसी नांदेडच्या शेजारी हिंगोली जिल्ह्यात, आणि त्यांच्या उत्तरायुष्याशी जोडलेलं घुमान पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यात. 2015 चं साहित्य संमेलन तिथेच भरलं होतं. गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची 61 पदं आहेत. परंपरा सांगते की नामदेव उत्तरेच्या तीर्थयात्रेला निघाले ते ज्ञानदेवांसोबत. त्या यात्रेतली वाळवंटातल्या विहिरीची कथा घरोघर ठाऊक आहे. दोघेही तहानलेले आणि पाणी खोल. ज्ञानदेव योगबळाने खाली उतरून पाणी पिऊन आले, नामदेवांनी विठ्ठलाला हाक मारली आणि विहीरच भरून वाहू लागली. कथेत चमत्कार आहे, पण माझं लक्ष जातं ते दोघांच्या स्वभावांकडे: संकट एक, आणि त्याच्याकडे पाहायच्या रीती दोन. याच नांदेडहून 1708 साली बंदासिंह बहादूर पंजाबकडे निघाला, तेव्हा गुरू गोविंदसिंहांनी त्याच्यासोबत पाच शीख दिले, असं सांगतात. तो मोहिमेचा मामला होता, तिथे पाच हवेतच. सुट्टी काढून निघालेल्यांना मोहीम करायची नसते, हे पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही एवढंच.

आता पुराव्याकडे. घाटात, दरीत, बर्फात धोका असतो अशी आपली समजूत. प्रत्यक्षात या प्रवासाचा निम्म्याहून जास्त भाग सपाट महामार्गाचा आहे आणि तिथला धोका आकड्यांत मोजलेला आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं मेली. त्यांतली चव्वेचाळीस टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती. सागर ते झाशीसारख्या पट्ट्यात रस्ता सरळ, ऊन डोक्यावर, इंजिनाचा एकसुरी आवाज, आणि दुपारी दोननंतर डोळे उघडे असूनही मेंदू झोपतो. एकट्याला हे कळायला काही साधन नसतं. मागून येणाऱ्या जोडीदाराला मात्र दिसतं, की पुढची गाडी मघापासून पांढऱ्या पट्टीकडे सरकते आहे, ब्रेक उशिरा लागतोय, आरशात बघणं बंद झालंय. तो दोनदा हॉर्न देतो, टपरी बघून दोघे थांबतात, तोंडावर पाणी मारतात. ताफ्यात हेच होत नाही, कारण तिथे प्रत्येकाची नजर पुढच्याशी बरोबरी करण्यात गुंतलेली असते.

डोंगरात गेल्यावर जोडीदार म्हणजे अक्षरशः मोजमापाचं यंत्र होतो. इथे थोडं शास्त्र सांगायला हवं, कारण आपल्याकडे याबाबत बराच गोंधळ आहे. उंचावर हवेतल्या ऑक्सिजनचं प्रमाण घटत नाही, ते नांदेडला असतं तेवढंच, सुमारे 21 टक्के असतं. घटतो तो हवेचा दाब. लेहला (3,500 मीटर) हा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास असतो, आणि खारदुंगलाला जवळजवळ निम्मा. (तिथल्या जुन्या पाटीवर 18,380 फूट लिहिलेलं असे, नेमक्या मोजणीत ती खिंड 5,359 मीटर, म्हणजे साडेसतरा हजार फुटांच्या जरा वर भरते. त्या पाटीशेजारचे फोटो हजारो घरांत लावलेले असतील, असू द्या.) दाब कमी, म्हणून प्रत्येक श्वासात शरीराच्या हाती लागणारा ऑक्सिजन कमी. त्यामुळे खिशातल्या कापराच्या पुडीने नाक मोकळं झाल्यासारखं वाटेल, ऑक्सिजन वाढणार नाही. नांदेड समुद्रसपाटीपासून साडेतीनशे-चारशे मीटरवर, लातूर सहाशेच्या वर. इथल्या शरीराला वर जुळवून घ्यायला दिवस लागतात. 2,500 मीटरच्या वर डोकेदुखी, मळमळ, अंगातलं त्राण जाणं, चक्कर सुरू होऊ शकते. म्हणून वैद्यकीय सल्ला असा, की 3,000 मीटरच्या पुढे झोपायची जागा एका रात्रीत 500 मीटरपेक्षा फार वर नेऊ नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस नुसती विश्रांती घ्यावी.

या हिशेबाने मनाली-लेह रस्ता पाहा. मनाली सुमारे 2,050 मीटरवर. ऑक्टोबर 2020 मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून रोहतांगची चढण टळली, तास वाचले, आणि त्यामुळे एकाच दिवसात सरचूला पोहोचायचा मोह वाढला. सरचू 4,290 मीटरच्या आसपास, म्हणजे एका दिवसात दोन हजारांहून जास्त मीटरची उडी. त्याहून वाईट म्हणजे तिथे रात्री त्रास झाला तर खाली उतरायला आधी वर चढावं लागतं. मनालीकडे परत फिरावं तर साधारण 4,900 मीटरचा बारालाचा आडवा, लेहकडे जावं तर गाटा लूप्स चढून 5,000 मीटरच्या वरचा लाचुंगला. उंचीच्या त्रासावर खात्रीचा उपाय एकच, खाली उतरणं. आणि सरचू ही अशी जागा, की तोच उपाय रात्री हाताशी नसतो. म्हणून जाताना श्रीनगर, कारगिल, लेह आणि येताना मनाली, हा क्रम शहाणा. श्रीनगर 1,585 मीटर, कारगिल 2,676. झोजिला आणि फोटुला वाटेत लागतात, पण ते ओलांडून खाली येऊन झोपायचं असतं. त्या वाटेनेही 500 मीटरचा नियम काटेकोर पाळला जात नाहीच, म्हणून लेहमध्ये पहिले दोन दिवस गाडीला हात न लावता काढायचे.

आणि आता जोडीदाराचं काम. उंचीचा त्रास वाढून मेंदूला सूज येऊ लागली, की पहिला बळी जातो तो त्या माणसाच्या निर्णयशक्तीचा. तो म्हणतो, मी ठणठणीत आहे. हेल्मेटचा पट्टा मात्र त्याला तिसऱ्या प्रयत्नातही लावता येत नाही. चावी गाडीलाच असते आणि तो खिसे चाचपत बसतो. सकाळी सरळ उत्तर देणारा संध्याकाळी उगाच चिडतो. जमिनीवर रेघ ओढून टाचेला अंगठा लावत दहा पावलं चालायला सांगायचं. तोल गेला, तर वाद घालायचा नाही, खाली न्यायचं. ही परीक्षा माणूस स्वतःची घेत नाही. ती घ्यायला असा कुणी लागतो, ज्याला या माणसाचं रोजचं बोलणं, रोजची चाल, रोजची चीडही ठाऊक आहे. करोनाकाळात घरोघर आलेला ऑक्सिमीटर सोबत असावा, पण लेहला पहिल्या दिवशी भल्याभल्यांचा आकडा नव्वदीच्या खाली जातो. नुसत्या आकड्याने घाबरायचं नसतं आणि निर्धास्तही व्हायचं नसतं. उंचीचा त्रास टाळायला घेतात त्या डायमॉक्सच्या गोळीचंही तसंच. ती डॉक्टरांना विचारून घ्यावी, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आवर्जून सांगावी, आणि गोळी घेतली म्हणून सरचूला मुक्काम करायची मुभा मिळाली असं समजू नये.

मग बारा जण असतील तर बारा जोड्या डोळे, जास्तच सुरक्षित, असं कुणी म्हणेल. सोबत मेकॅनिक असतो, मागे सामानाची गाडी असते. मेकॅनिकचा मुद्दा मला मान्य आहे, तो दोघांना परवडत नाही. पण बारा जणांचा मुक्काम आगाऊ ठरलेला, हॉटेलचे पैसे भरलेले. अशा वेळी डोकं ठणकणारा माणूस काय करतो? गप्प बसतो. आपल्यामुळे अकरा जणांचा दिवस वाया जाईल ही लाज त्याच्या दुखण्यापेक्षा मोठी असते. बाकीचे अकरा प्रत्येकी असं धरून चालतात, की कुणीतरी त्याच्याकडे बघतच असेल. दोघांमध्ये ही पळवाट नसते. त्यात वाटेतले नाले. बर्फ वितळून येणारं पाणी दुपारी चढतं, म्हणून ते सकाळी लवकर ओलांडायचे असतात. बारा जणांचा नाश्ता, बारा जणांच्या बॅगा बांधणं आणि एकाची हरवलेली चार्जरची वायर यांत सकाळ निघून जाते.

एकट्याने जाणाऱ्यांचं म्हणणं याहून वजनदार आहे. त्या रस्त्यावर एकटं असं कुणी नसतंच, सीमा सडक संघटनेचे मजूर, लष्कराच्या चौक्या, ढाबेवाले, इतर दुचाकीवाले, कुणीही मदतीला येतं. खरं आहे, येतात. फक्त मदत मागितल्यावर येतात किंवा माणूस पडल्यावर येतात. त्याआधीचे चार-सहा तास, ज्यात सगळं बिघडत जातं, ते त्यांना दिसत नाहीत. शिवाय आपल्याकडचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं, आणि खिंडीत तेही मुकं होतं. एकट्याच्या प्रवासात जे आतलं काही गवसतं म्हणतात, त्यावर माझा वाद नाही. ते नांदेड ते माहूरही गवसू शकतं, एवढंच.

गाड्यांच्या हिशेबातही दोन हाच आकडा बसतो. लाहौलमधल्या टांडीच्या पेट्रोल पंपावर, पुढचा पंप 365 किलोमीटरवर असल्याची पाटी प्रसिद्ध आहे. दोन गाड्या एकाच मॉडेलच्या असल्या तर पेट्रोलचा कॅन, क्लच वायर, ट्यूब, पान्यांचा संच, हवेचा पंप हे सगळं एकेकच घेऊन भागतं, आणि एक गाडी बसली तरी दुसरी माणूस आणायला जाऊ शकते. एकाच गाडीवर डबलसीट जाणारे आपल्याकडे पुष्कळ, कारण दुसऱ्या गाडीचं पेट्रोल आणि सर्व्हिसिंग खिशाला जड जातं. ते जातात आणि सुखरूप परतही येतात. पण खारदुंगलाच्या उंचीवर साध्या इंजिनाची ताकद चाळीस टक्क्यांच्या आसपास घटते. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत हवा कमी आणि पेट्रोल जास्त होऊन काळा धूर निघतो, प्लग काळवंडतो. 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांत इंधनाचं गणित सेन्सर सांभाळतो, पण नसलेली हवा तोही आणू शकत नाही. दोन माणसं आणि सामान ओढताना पहिल्या गिअरमध्ये क्लच जळायची वेळ येते. पैशाची अडचण असेल तर माझा सल्ला उलटा आहे: दोन गाड्या न्या, पण नांदेडहून रेल्वेच्या पार्सलने. सचखंड एक्स्प्रेस अमृतसरपर्यंत जातेच. आरसीची प्रत, ओळखपत्र, रिकामी टाकी आणि गोणपाटात नीट गुंडाळलेली गाडी, एवढी तयारी लागते. यात रोड ट्रिपची मजा गेली असं म्हणणाऱ्यांना वाचलेले तीन-चार दिवस लेहमध्ये झोपून काढायला सांगावं. शेती असणाऱ्यांना तर ते दिवस सोन्याचे, कारण सोयाबीनची पेरणी-फवारणी उरकल्यावर आणि काढणी सुरू व्हायच्या आत, सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, काय ती फट सापडते. हिमाचलातला पाऊस तेव्हा ओसरत आलेला असतो आणि खिंडी अजून उघड्या असतात.

माझ्या म्हणण्यातली खरी कच्ची बाजू वेगळीच आहे. दोन मित्र एकमेकांना सांभाळतात तसे एकमेकांना चढवतातही. ‘चल रे, काही होत नाही’ हे वाक्य मित्राइतक्या हक्काने दुसरं कुणी बोलत नाही. शिवाय पंधरा दिवस तेच तोंड, तोच घोरण्याचा आवाज, आणि कारगिलपर्यंत खर्चाच्या वहीवरून एखादं भांडण ठरलेलं. म्हणून नुसती मैत्री पुरत नाही, निघण्याआधी एक करार लागतो: दोघांपैकी जो थांबू म्हणेल त्याचं ऐकायचं, आणि कारण विचारायचं नाही. सरचूच्या थंडीत हा करार पाळणं तुलनेने सोपं असतं. अवघड जातं ते परतीच्या शेवटच्या दिवशी. दक्षिणेकडे येताना बुटीबोरीला उजवीकडे वळलं की रस्ता घरचा होतो. पाट्या मराठी होतात. वर्ध्याला चहा होतो, यवतमाळला दिवस मावळतो, नांदेड दोनशे किलोमीटरच्या आत-बाहेर उरतं, घरून दोन फोन येऊन गेलेले असतात. अशा वेळी मागच्या गाडीवरचा जोडीदार दोनदा हॉर्न देऊन म्हणतो, आज इथेच राहू.