तंजावरचा खरा किल्ला

तंजावर म्हटलं की आपल्याला बृहदीश्वराचं देऊळ आठवतं, सरस्वती महाल आठवतो. आज मात्र आधी नकाशा बघू. फौजेतली सवय आहे. नव्या मुलखात गेलं की आम्ही पहिल्यांदा विचारतो, इथे पाणी कुठून येतं?

तंजावरला पाणी येतं कावेरीचं. कोडगूतल्या तळकावेरीहून निघालेली ही नदी तिरुचिरापल्लीच्या वर दोन फाट्यांत विभागते. उत्तरेचा फाटा कोळ्ळिडम, दक्षिणेचा कावेरी. मध्ये श्रीरंगमचं बेट. बेट संपतं तिथे दोन्ही प्रवाह पुन्हा जवळ येतात, आणि खरी गोम तिथेच आहे. कोळ्ळिडमचं पात्र सखल. मोकळं सोडलं तर कावेरीचं पाणी तिकडे उतरून थेट समुद्राला मिळेल आणि तंजावरची खाचरं कोरडी राहतील.

म्हणून तिथे दगडी बांध आहे, कल्लणै. तमिळमध्ये कल् म्हणजे दगड, अणै म्हणजे बांध. सुमारे 1800 वर्षांपूर्वी चोळ राजा करिकालाने तो घातला, असं मानतात. त्याचं मूळ काम पाणी साठवणं नव्हे, वळवणं. तिथून नद्या-कालव्यांचं जाळं त्रिभुज प्रदेशभर पसरतं. राजराज चोळाचं 1010 साली पुरं झालेलं देऊळ ग्रॅनाइटचं खरं, पण ते उभं राहिलं भाताच्या जोरावर.

ह्याच भाताच्या मुलखात 1676 च्या सुमारास व्यंकोजीराजांनी भोसल्यांचं राज्य उभारलं. सह्याद्रीत डोंगर आपला पाठीराखा असतो. इथे सगळं सपाट. मी कल्लणैवर उभा राहिलो तेव्हा लक्षात आलं, राज्याचा खरा किल्ला हाच, आणि तो तंजावरपेक्षा तिरुचिरापल्लीला जवळ! अठराव्या शतकात तिरुचिरापल्ली अर्काटच्या नवाबाकडे गेली. 1760 च्या दशकात कावेरीच्या बांधाची दुरुस्ती कोणी करायची, ह्यावरून तंजावर आणि नवाब यांच्यात तंटा झाला. पीक आपलं, पण पाण्याची किल्ली शेजाऱ्याच्या दारात.

1773 मध्ये इंग्रजांनी नवाबासाठी तंजावर जिंकलं, 1776 मध्ये परत दिलं. 1799 च्या तहाने मुलूख कंपनीकडे गेला. त्यानंतर, 1803 मध्ये, दुसऱ्या सरफोजीराजांनी बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवला. तो लेख आजही तिथे आहे.

किल्लीचं काय झालं? ती आणखी वर सरकली. 1934 साली मेट्टूर धरण झालं. पाणी पुरेसं असेल तर 12 जूनला त्याचे दरवाजे उघडतात आणि कुरुवै भाताची लावणी होते. त्याच्याही वर कर्नाटकातली धरणं आहेत.

तंजावरात चहाच्या टपरीवर एक आजोबा भेटले. घरात अजून मराठी बोलतात. मी त्यांना राजवाड्याबद्दल विचारत होतो, आणि ते मला मेट्टूरची पातळी सांगत होते. पाणी उशिरा आलं तर कुरुवै जाते, मग एकाच पिकावर वर्ष काढायचं. कृष्णेच्या पाण्याची भांडणं पाहिलेल्या आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

तंजावरला जाल तेव्हा देऊळ जरूर बघा. पण एक दिवस कल्लणैसाठी ठेवा, आणि शक्य असेल तर तिथूनच सुरुवात करा. भेटू पुढच्या भागात. जय हिंद.