डॉक्टर होण्याआधीचा दवाखाना

मी डॉक्टर झालो नाही, हे आधीच सांगून टाकतो. बी.ए. झालो आणि कविता लिहीत राहिलो. पण १९८७ साली, बारावीनंतर, आमच्या तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांकडे मी आठ-नऊ महिने काम केलं. पगार महिना दीडशे रुपये. सकाळी झाडलोट करायची, काचेच्या सिरिंजा पाण्यात उकळायच्या, केसपेपर शोधून द्यायचे आणि दुपारी तांबड्या मिक्श्चरच्या बाटल्या भरायच्या. बाटलीवर कात्रीनं दाते पाडलेली कागदी पट्टी चिकटवायची. जितके दाते तितके डोस. लोक मला 'कंपाउंडर' म्हणत आणि मला त्याचा केवढा अभिमान वाटे!

त्या दवाखान्यात मी एक गोष्ट रोज पाहिली. पेशंट डॉक्टरांसमोर मान हलवून 'हो, हो' म्हणायचा आणि बाहेर आला की माझ्यापाशी थांबून हळूच विचारायचा, "भाऊ, काय म्हणले डॉक्टर?" मी अठरा वर्षांचा. मला काय कळत होतं? तरी मी ठोकून द्यायचो. एकदा डॉक्टरांनी ते आतून ऐकलं. संध्याकाळी त्यांनी मला समोर बसवलं आणि म्हणाले, "माहीत नसेल तर मला येऊन विचार. अंदाजानं बोलायचा हक्क या खोलीत कोणालाच नाही." ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

हे आज आठवायचं कारण असं, की ओळखीपाळखीतली बारावी सायन्सची मुलं-मुली अधूनमधून विचारतात : डॉक्टर व्हायचंय, पण 'नीट' पुन्हा द्यावी लागणार आहे, वर्षभर घरात बसून वडिलांवर भार टाकण्यापेक्षा एखाद्या दवाखान्यात पगारी काम करावं का? पुढं त्याचा उपयोग होईल का? हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरंही वेगळी आहेत.

आधी उपयोगाचं बघू. प्रवेशापुरतं बोलायचं तर उपयोग शून्य. आपल्याकडं एम.बी.बी.एस.चं दार 'नीट' या एकाच परीक्षेनं उघडतं. ७२० गुण, त्यातले ३६० जीवशास्त्राचे, १८० भौतिकशास्त्राचे, १८० रसायनशास्त्राचे. तुम्ही वर्षभर रात्रपाळी करून शंभर म्हाताऱ्यांचे हात धरले असतील, तरी त्याचा अर्धा गुणही मिळत नाही. उलट त्या रात्रींमुळं अभ्यास मागं पडला तर गुण जातात, ते वेगळंच.

सगळीकडं असं नाही. अमेरिकेत आधी चार वर्षांची पदवी, मग एक प्रवेश परीक्षा आणि मग वैद्यकीय महाविद्यालय, असा क्रम असतो. तिथं मुलाखतीत विचारतात की, तुम्ही आजारी माणसांजवळ किती वेळ काढला आहे? म्हणून तिकडच्या आपल्या मराठी घरांतली मुलंही शिकता शिकता पगारी कामं धरतात. कोणी रुग्णाला अंघोळ घालणारा, कूस बदलून देणारा प्रमाणित सहायक होतो. त्यासाठी किमान ७५ तासांचं प्रशिक्षण कायद्यानंच ठरवलेलं आहे. कोणी अँब्युलन्सवर जातो, कोणी रक्त काढायला शिकतो, कोणी डॉक्टरांच्या शेजारी बसून त्यांची टिपणं लिहितो. हे काम म्हणजे केवळ खर्चाची सोय नसते. हा रस्ता आपल्याला झेपेल का, याची ती परीक्षा असते.

आपल्याकडं ही परीक्षा फार उशिरा होते. लातूर, नांदेड नाहीतर छत्रपती संभाजीनगरच्या क्लासमध्ये दोन-तीन वर्षं काढलेला मुलगा माणसाच्या हृदयाची आकृती डोळे मिटून काढतो. पण हृदयाचा झटका आलेल्या माणसाच्या बायकोशी काय बोलायचं, हे त्यानं कधी पाहिलेलं नसतं. याची जाणीव वरच्या लोकांनाही झालेली आहे. २०१९ पासून एम.बी.बी.एस.च्या नव्या अभ्यासक्रमात पहिल्याच वर्षी रुग्णांशी ओळख करून देतात, संवादाचे धडे असतात. पुढं खेड्यातली कुटुंबं दत्तक घेण्याचा उपक्रमही आला. पण हे सगळं दार उघडल्यानंतरचं.

आता दुसरा प्रश्न : काम मिळेल का? मिळतं. बदनापूरजवळ वरूडीला खाजगी वैद्यकीय महाविद्यालय आधीपासून आहे. जालन्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२४ रोजी झालं. शहरात आणि तालुक्यांच्या गावी खाजगी दवाखानेही आहेत. बारावी झालेल्या, अठरा वर्षं पूर्ण केलेल्या मुलाला किंवा मुलीला तिथं केसपेपरच्या खिडकीवर, कॉम्प्युटरवर नोंदी करायला, लॅबमध्ये नमुने पोचवायला किंवा वॉर्डात मदतनीस म्हणून काम मिळू शकतं. वॉर्डातल्या मदतनिसाला आता 'जनरल ड्युटी असिस्टंट' म्हणतात आणि त्याचा काही महिन्यांचा कौशल्य-अभ्यासक्रम असतो. तो केलेला बरा. निदान चादर कशी बदलायची आणि हात कसे धुवायचे, ते कोणीतरी शिकवलेलं असतं. राज्य सरकारनं २०२४ मध्ये युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली, तेव्हा बारावी उत्तीर्णांसाठी महिना ६,००० रुपये विद्यावेतन ठरवलं होतं. अशी जाहिरात पुन्हा दिसली तर दवाखान्यातली जागा मागून पाहायला हरकत नाही.

अँब्युलन्सचं मात्र आपल्याकडं जमत नाही. राज्यात २०१४ पासून चालणाऱ्या '१०८'च्या गाडीवर चालकाबरोबर डॉक्टर असतो. बारावीच्या मुलाला तिथं जागा नाही. औषधाच्या काउंटरवरही तेच. औषध देण्याचा अधिकार नोंदणीकृत फार्मसिस्टचा. माझ्यासारखा बाटल्या भरणारा पोरगा आज चालणार नाही, आणि चालू नयेच.

इथं मला माझ्या भाचीची गोष्ट सांगितली पाहिजे. तिचे अब्बा एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये कामाला. पहिल्या 'नीट'मध्ये गुण कमी पडले. क्लासची फी दुसऱ्यांदा भरणं घराला शक्य नव्हतं, म्हणून तिनं एका खाजगी दवाखान्यात मदतनिसाचं काम धरलं. महिना सात हजार. नेमणुकीचं पत्र नाही, प्रशिक्षण नाही. 'बघून बघून शिकशील' एवढंच सांगितलं गेलं. तिसऱ्या महिन्यात एका रात्री कचऱ्याची पिशवी बांधताना आत पडलेली सुई तिच्या बोटात घुसली. सुई कोणाला वापरलेली, ते कळायला मार्ग नव्हता. तिथल्या वरिष्ठांनी बोटावर स्पिरिटचा बोळा ठेवला आणि विषय संपवला. कुठं नोंद नाही, काही नाही.

घरी तिनं चौथ्या दिवशी सांगितलं, तेही माझ्या आपाला नाही, मला. म्हणाली, "मामू, बोलती तो काम से निकाल देते."

त्या चार दिवसांची किंमत काय असते, ते ऐका. अशी सुई टोचली तर एच.आय.व्ही.पासून बचाव करणाऱ्या गोळ्या असतात. त्या शक्य तितक्या लवकर, दोन तासांत सुरू झाल्या तर उत्तम. ७२ तासांच्या आत तरी व्हायलाच हव्यात. मग त्या २८ दिवस घ्यायच्या. बहात्तर तास उलटले की त्यांचा भरवसा उरत नाही. आमचे ते तास गेले होते. कावीळ 'बी'ची लस तीन डोसांची असते, आजच्यानंतर एक महिन्यानं आणि मग सहा महिन्यांनी. तिला तिचा एकही डोस मिळालेला नव्हता. मग सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशन केंद्रात जाणं आलं, तपासण्या आल्या, वाट पाहणं आलं. दीड महिन्यानं एक, तीन महिन्यांनी दुसरी, सहा महिन्यांनी आणखी एक. प्रत्येक रिपोर्टच्या आदल्या रात्री आपाच्या घरात कोणी जेवलं नाही. सगळे रिपोर्ट चांगले आले. अल्लाहची मेहरबानी म्हणायची; दवाखान्याची नव्हे.

म्हणून जी मुलं कामाला जाणार आहेत, त्यांना हात जोडून सांगतो. कामावर जाण्याआधी कावीळ 'बी'ची लस सुरू करा. दवाखान्यातल्या पिशव्यांचे रंग पहिल्या दिवशी पाठ करा. रक्तानं भरलेले बोळे, पट्ट्या पिवळ्या पिशवीत. सलाईनच्या नळ्या आणि सुई काढलेल्या प्लॅस्टिकच्या सिरिंजा लाल पिशवीत. काच निळ्या खोक्यात. आणि सुया, ब्लेड पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात. दुसरीकडं कुठंही नाही. पिशवी हातानं दाबायची नाही, सुईला टोपण परत लावायचं नाही. टोचलीच, तर वाहत्या पाण्यानं आणि साबणानं धुवा, बोट पिळू नका, आणि नोकरीची पर्वा न करता त्याच तासाला सांगा. तिथं कोणी ऐकत नसेल तर सरळ सरकारी दवाखाना गाठा.

दुसरं, आपली हद्द ओळखा. रात्री नर्स कमी असल्या की कोणीतरी म्हणतंच, "एवढं इंजेक्शन देऊन टाक, तुला डॉक्टर व्हायचंय ना?" द्यायचं नाही. तो मान नसतो. दुसऱ्याची जबाबदारी तुमच्या गळ्यात पडत असते. उद्या काही झालं तर कायद्यापुढं तुमच्याजवळ कसलीच नोंदणी नसेल. कोणाच्या आजाराची गोष्ट गल्लीत न्यायची नाही. आणि नेमणुकीचं पत्र, कामाचे तास, पगाराची तारीख हे लेखी मागायला लाजू नका. लेखी द्यायला जो दवाखाना कां-कूं करतो, तो अडचणीच्या वेळीही तेच करील.

दवाखाने चालवणाऱ्यांनाही एक सांगणं आहे. सात हजारांत एक हुशार, कष्टाळू पोर तुम्हाला मिळते. तिला तीन लसी, हातमोजे आणि दोन दिवसांचं शिक्षण देणं हा काही फार मोठा खर्च नव्हे.

इतकं सगळं असूनही, मुलांनो, जाऊच नका असं मी म्हणणार नाही. अभ्यासाचे तास आधी बाजूला काढा, जमल्यास दिवसपाळी मागा, तीन-चार महिनेच करा, पण करा. माझी भाची वर्षभरानं पुन्हा 'नीट'ला बसली. गुण बरे आले, सरकारी जागेइतके नाही आले. तिनं नर्सिंगची सीईटी दिली आणि आज ती बी.एस्सी. नर्सिंगला आहे. नातेवाईक हळहळतात : पोरगी डॉक्टर व्हायची होती. मीही एकदा चाचरत विचारलं, तिसऱ्यांदा का नाही बसलीस? तिनं शांतपणे सांगितलं, "मामू, डॉक्टर दिवसातून दोन वेळा यायचे. रात्रभर पेशंटजवळ कोण असतं, ते मी पाहिलंय. पेशंट माझा हात धरून विचारायचे, डॉक्टर काय म्हणाले? मला ते नीट समजावून सांगता यायला हवं होतं."

मला दीडशे रुपये महिन्याचा तो दवाखाना आठवला. अडतीस वर्षं होऊन गेली. बाटल्या गेल्या, कागदी पट्ट्या गेल्या. दाराबाहेरचा प्रश्न तोच आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)