मिश्री आणि पांढरे दात

मंडळी, आपल्या टेंभुर्णीकडे अजून काही घरांत दिवस मिश्रीनेच उजाडतो. मिश्री म्हणजे भाजून कुटलेली तंबाखू. तिने दात काळे पडतात, सवय जडते, आणि तोंडाच्या कर्करोगाला वाट मिळते. मग डाग घालवायला कोणी विटकरीची पूड घासतो, कोणी कोळसा. त्याने दाताचे कवचच झिजते; ते पुन्हा येत नाही.

दंतवैद्य आधी कीटण खरवडून काढतात. रंग आत मुरला असेल, तर पेरॉक्साइडचे औषध लावून तो उतरवतात. दाताच्या मापाचा साचा करून दिला, तर सौम्य औषध घरीही लावता येते. काही दिवस दात शिवशिवतात, इतकेच. पण मिश्री चालूच राहिली, तर डाग परत येणार. तेव्हा गुरुजी, मुलांमार्फत घरोघरी सांगा: आधी मिश्री सोडा, मऊ ब्रश अन् फ्लोराइडची पेस्ट दोन वेळा वापरा.