गुरुजींना ई-मेल लिहिताना

काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी मला एक ई-मेल आला. ‘सर शिफारसपत्र पाहिजे. उद्यापर्यंत पाठवा.’ एवढेच. ना नमस्कार, ना नाव. विषयाची जागा कोरी. मला राग आला. ‘काय ही पोरं!’ असं म्हणून मी तो तसाच ठेवून दिला.

चार दिवसांनी एक विद्यार्थी दारात उभा राहिला. वर्गात तोंड उघडायला लाजणारा मुलगा. ई-मेल त्याचा होता; चुलतभावाच्या फोनवरून पाठवलेला, म्हणून वर नाव भावाचं. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत टळली होती. ई-मेल कसा लिहायचा हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. आणि शिकवायचं कुणी? आम्हीच ना!

पूर्वी शाळेत पत्रलेखन घटवून घेत. वडिलांना ‘तीर्थरूप’, धाकट्याला ‘चिरंजीव’, पुढे ‘सा. न. वि. वि.’, म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष. हा मायना नुसता अलंकार नव्हता. कोण कुणाशी कोणत्या नात्याने बोलतो आहे, हे पहिल्याच ओळीत कळे.

१९७१ साली अमेरिकेत रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर जाळ्यातून निरोप पाठवला आणि पत्त्यात माणसाचे नाव व यंत्राचे नाव यांच्यामध्ये ‘अ‍ॅट’चे चिन्ह घातले. त्या पत्त्यावरून यंत्राला वाट सापडते. पण लिहिणारा कोण, हे वाचणाऱ्याला कळेलच असे नाही. समोरासमोर मूल ‘सर, पाहिजे होतं’ म्हणतं, तेव्हा खाली घातलेली मान आणि चाचरणारा आवाज बरोबर असतो. ई-मेलमध्ये उरतो फक्त ‘पाहिजे’. म्हणून मान आणि आवाज यांचं काम शब्दांनीच करायचं असतं.

ते अवघड नाही. विषयाच्या जागी काम लिहावे: ‘शिफारसपत्राबद्दल विनंती’. मग ‘आदरणीय सर’ किंवा ‘आदरणीय बाई’, आणि ‘सादर नमस्कार’. लगेच आपले नाव, वर्ग आणि हजेरी क्रमांक. नंतर काम, थोडक्यात: ‘अर्जाची मुदत अमुक तारखेपर्यंत आहे. त्याआधी पत्र मिळू शकेल का? अर्जाचा नमुना सोबत जोडला आहे.’ नमुना खरोखर जोडला की नाही, हे धाडण्यापूर्वी पाहावे. शेवटी ‘आपला विद्यार्थी’ किंवा ‘आपली विद्यार्थिनी’ आणि पूर्ण नाव. मुदतीच्या आदल्या रात्री मागू नये; आठवडाभर तरी हाती द्यावा. साष्टांग दंडवत नको, पानभर स्तुतीही नको.

आता शिक्षक बंधुभगिनींना एक सांगणे. रीत एकतर्फी नसते. ‘पत्र पोचले, गुरुवारी पाहतो’ एवढी ओळ लिहायला अर्धा मिनिट लागतो. तिकडे मुलाची झोप वाचते. चूक दिसली तर ती त्याला एकट्यालाच कळवावी, सगळ्या वर्गाला प्रत पाठवून नव्हे. आणि रागात उत्तर लिहू नये. तोंडचा शब्द विरून जातो. ई-मेल राहतो, आणि क्षणात दहा जणांकडे जातो.

त्या दिवशी मी ‘तू कोण? कशासाठी हवे?’ एवढं जरी विचारलं असतं, तरी त्याचं वर्ष वाचलं असतं. त्याचा मायना चुकला होता. मी तर उत्तरच दिलं नव्हतं. तेव्हापासून दर जूनमध्ये पहिला एक तास मी मुलांकडून मला ई-मेल लिहवून घेतो, आणि त्याच रात्री प्रत्येकाला उत्तर देतो.