तयार आज्ञांचे कपाट

केंब्रिज विद्यापीठात ६ मे १९४९ रोजी 'एडसॅक' हे गणकयंत्र प्रथम चालले आणि त्याने वर्गसंख्यांचे कोष्टक छापून दिले. यंत्र चालू लागले खरे, पण त्याला द्यावयाच्या आज्ञा लिहिताना माणसे चुकू लागली. यंत्राचे शिल्पकार मॉरिस विल्क्स यांच्याच १२६ ओळींच्या एका फितीत वीसएक चुका होत्या!

उपाय निघाला तो साधाच. वर्गमूळ काढणे, उत्तर छापणे अशा नित्य लागणाऱ्या कामांच्या आज्ञा एकदाच लिहून, पारखून, त्यांच्या छिद्रांकित कागदी फिती पोलादी कपाटात ठेवल्या गेल्या. ज्याला हवी त्याने त्या फितीची नक्कल यंत्राकरवी आपल्या फितीवर उतरवून घ्यावी; हाताने उतरविली की चूक आलीच. १९५१ पर्यंत असे ८७ आज्ञासंच जमले.

पण हा उसना संच काम आटोपल्यावर परतणार कोठे? त्याला बोलाविणारी जागा दर वेळी निराळी. डेव्हिड व्हीलर तेव्हा संशोधक विद्यार्थी होते. त्यांनी युक्ती काढली : संचाकडे जाण्यापूर्वी आपल्या जागेची खूण यंत्राच्या संचयकात ठेवावयाची, तिच्यावरून संच परतीची आज्ञा स्वतःच घडवितो व आपल्या अखेरीस बसवितो.

प्रत्येक संचाला किती जागा लागते, वेळ किती, संख्या कोठे ठेवावयाची, याचे टिपणही हवेच. आतली रचना ठाऊक नसलेल्यालाही संच वापरता यावा असे टिपण लिहिणे, हेच कदाचित सर्वांत अवघड काम ठरेल, असे व्हीलर यांनी १९५२ मध्ये नमूद करून ठेवले आहे.