सगळ्यांनी घेतलं म्हणून

शब्बाथ सुटल्यावर नातवाने आम्हां दोघांपुढे फोन धरला. "आजोबा, हे नाणं बघा. रोज वर चढतंय. वर्गातल्या पोरांच्या भावांनी सगळ्यांनी घेतलंय. बार मित्स्वाच्या पैशांतून घेऊ का?"

आम्हांला 1983 साल आठवलं.

तेव्हा इस्रायलमध्ये महागाई वर्षाला शंभर टक्क्यांहून जास्त होती. घरात ठेवलेला पैसा विरघळून जायचा. बँकांचे शेअर मात्र सतत चढत. आमच्या इमारतीत सगळ्यांनी घेतले, म्हणून आम्हीही मुलीच्या लग्नाचे पैसे त्यात घातले. भाव का चढतो, हे कोणी विचारलं नाही. बँकाच आपले शेअर विकत घेऊन भाव वर धरून ठेवत होत्या! ऑक्टोबरात लोक घाबरून विकायला धावले. शेअरबाजार दोनेक आठवडे बंद राहिला आणि उघडल्यावर भाव कोसळले. सरकारने पुढे हमी दिली, पण पैसे वर्षानुवर्षे अडकले. लग्न उसनवारीवर झालं.

बालमित्रांनो, नाणी नवी, पण धावणं तेच. 2021 साली 'स्क्विड गेम' ही कोरियन मालिका गाजत होती. तिच्या नावाचं एक नाणं कोणीतरी काढलं. मालिकावाल्यांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. भाव एका सेंटाच्या आसपास होता, तो थोड्याच दिवसांत 2,800 डॉलरच्या वर गेला. घेणाऱ्यांना कळलं की आपल्याला ते विकताच येत नाही. 1 नोव्हेंबरला काही मिनिटांत भाव जवळजवळ शून्यावर आला आणि काढणारे पैसे घेऊन पसार झाले.

सगळीच नाणी अशी नसतात. बिटकॉइन त्याच नोव्हेंबरात 69 हजार डॉलरपर्यंत गेलं आणि वर्षभरात 16 हजारांच्या आसपास उतरलं. पुढे डिसेंबर 2024 मध्ये त्याने लाखाचा आकडा ओलांडला. पण भाव चढल्यावर हौसेने घेतलं आणि पडल्यावर भीतीने विकलं, त्याच्या हाती काय लागलं? धुपाटणं!

नातू थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आजोबा, एवढं चांगलं नाणं आहे, तर मला विकतंय कोण?"

1983 साली हाच प्रश्न आम्हांला सुचायला हवा होता. बार मित्स्वाचे पैसे अजून बँकेतच आहेत.