शरीराच्या आत प्रकाशाची मात्रा

श्वित्राच्या रुग्णास बाकुची देऊन उन्हात बसविण्याची परंपरा आपणां वैद्यांस परिचित आहे. द्रव्य व प्रकाश यांचा संयोग झाल्यावाचून तेथे कार्य होत नाही. परंतु व्याधी अन्ननलिकेत असेल, तर तेथपर्यंत ऊन कसे न्यावे? याचे एक उत्तर फोटोडायनॅमिक चिकित्सेने दिले आहे. हिची कार्यपद्धती बाकुचीहून भिन्न आहे. येथे प्रकाशसंवेदी द्रव्य शिरेतून देतात. ते प्रकाशाने उद्दीपित होऊन पेशीतील प्राणवायूच्या साहाय्याने त्या पेशीचा नाश करते.

अन्ननलिकेच्या कर्करोगासाठी अमेरिकेत १९९५ साली मान्यता मिळालेले पॉर्फिमर सोडियम हे याचे उदाहरण होय. त्याच्या सूचीवेधानंतर ४० ते ५० तासांनी एंडोस्कोपमधून काचतंतू आत सरकवून ६३० नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश सोडतात.

खरे कौशल्य या तंतूच्या टोकात आहे. साध्या टोकातून प्रकाश केवळ पुढे जातो, परंतु अन्ननलिकेची भिंत बाजूंना असते. म्हणून टोकास प्रकाश विखुरणारी दंडाकृती कांडी जोडतात. ती सर्व बाजूंस सारखा प्रकाश देते. तिची लांबी अर्बुदाच्या लांबीनुसार निवडावी लागते. कांडीच्या प्रत्येक सेंटीमीटरमागे ४०० मिलीवॅट प्रकाश १२ मिनिटे ३० सेकंद दिला, म्हणजे ३०० ज्यूल ही मात्रा पूर्ण होते. आपण औषध तोलून देतो, तसा येथे प्रकाश तोलून दिला जातो.

मूत्राशयाची रचना निराळी, म्हणून साधनही निराळे. द्रवाने फुगविलेल्या मूत्राशयाच्या मध्यभागी गोलाकार टोक ठेवतात. तथापि भिंतीवरून प्रकाश पुनःपुन्हा परावर्तित होत असल्याने भिंतीस प्रत्यक्ष मिळणारी मात्रा दिलेल्या प्रकाशावरून काढलेल्या हिशेबापेक्षा अधिक भरते. याचा विचार न केल्यास निरोगी भागासही इजा पोहोचून मूत्राशय आकुंचित होण्याचा धोका असतो. प्रोस्टेटसारख्या भरीव ग्रंथीत तर पोकळ सुयांतून अनेक तंतू नेमक्या अंतरावर बसवावे लागतात, कारण तांबडा प्रकाशही ऊतींत काही मिलिमीटरच प्रभावीपणे शिरतो.

आता आपल्या कर्तव्याविषयी. आतील प्रकाश विझला तरी द्रव्य त्वचेत राहते. पॉर्फिमरनंतर किमान ३० दिवस रुग्णाने ऊन व प्रखर दिवे टाळावयाचे असतात. त्वचेवर लावावयाची सामान्य ऊनरोधक मलमे येथे उपयोगी पडत नाहीत, कारण दृश्य प्रकाशही बाधक ठरतो. मात्र रुग्णास पूर्ण अंधारात ठेवणेही योग्य नव्हे. घरातील सौम्य उजेडाने त्वचेतील द्रव्य हळूहळू निष्प्रभ होत जाते.

या काळात असा रुग्ण आपल्याकडे आल्यास त्यास बाकुचीचे कल्प देऊ नयेत; तीमधील सोरालेन त्वचेची प्रकाशसंवेदनशीलता आणखी वाढवू शकते. औषधविक्रेते बंधूंनीही बाकुची चूर्ण वा तेल देण्यापूर्वी अलीकडे अशी प्रकाशचिकित्सा झाली आहे काय, एवढे अवश्य विचारावे. या एका प्रश्नाने रुग्णाची त्वचा होरपळण्यापासून वाचू शकते, असे आम्हांस वाटते.